हॉलतिकिटावरची अंबिका

चाकूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा सत्यशीलाची पिशवी शेजारच्या सीटवर होती. नव्यानं चढलेल्या एका बाईनं विचारलं, "कुणी यायचं हाय का इथं?" आणि सत्यशीला "हाव" म्हणून मोकळी झाली. कोणी यायचं नाही हे तिच्या लक्षात आलं, तिनं पिशवी मांडीवर घेतली, पण तोवर बाई नाक मुरडून मागं गेली होती. लातूरपर्यंत लोक दांडीला लोंबकळत उभे राहिले, आणि धरलेली जागा समजून त्या सीटवर कोणी बसलं नाही.

ती एलएल.एम.ची सीईटी द्यायला निघाली होती. दुसऱ्यांदा. कंधारच्या कोर्टात माधवराव वकिलांच्या हाताखाली काम करून तिला तीन वर्षं झाली होती. एलएल.बी.ला पंचावन्न टक्के होते. अर्ज भरायला तेवढे पुरतात, पण नांदेडच्या कॉलेजात जागा मिळवायची तर सीईटीत मार्क पडावे लागतात. आणि एलएल.एम. केल्याशिवाय लॉ कॉलेजात फळ्यासमोर कोण उभं करतंय? तिला शिकवायचं होतं. अंबिकालाही तेच करायचं होतं, आणि तिला ते जास्त चांगलं जमलं असतं.

अंबिका चाकूरची. दोघी नांदेडला एका खोलीवर राहून वकिली शिकल्या. गेल्या वर्षी दोघींचे अर्ज कंधारला लखनच्या नेट कॅफेत एकाच बैठकीला भरले. लखनचा कारभार असा, की एकदा काँप्युटरमध्ये गेलेला कागद तो जन्मात पुसत नाही. यंदा सत्यशीला गेली, तर त्यानं गेल्या सालचीच फाइल काढली. आत दोघींचे फोटो, "एलएलएम एक", "एलएलएम दोन" अशा नावांनी. तिनं मान फिरवली. त्या फाइलकडं तिला बघवेना. "बघून घ्या ताई, मग ओके करतो," लखन म्हणाला. "कर ओके," ती भिंतीकडं बघत म्हणाली.

महिन्यानं हॉलतिकीट निघालं. नाव सत्यशीलाचं, सही सत्यशीलाची आणि फोटो अंबिकाचा. दोन वेण्या, कपाळावर बारीक टिकली, आणि हसू आवरताना जरासे मिटलेले ओठ. दुरुस्तीची मुदत कधीच संपली होती.

"त्यात काय एवढं? प्रतिज्ञापत्र जोड," माधवराव म्हणाले. या गृहस्थांचा प्रतिज्ञापत्रावर फार विश्वास. घरी दूध नासलं तरी स्टँपपेपर मागवतील. सत्यशीलानं आजवर लोकांची शेकड्यानं प्रतिज्ञापत्रं लिहिली होती, स्वतःचं हे पहिलंच. 'मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर फोटो माझी मैत्रीण अंबिका हिचा असून ती मयत आहे.'

"कशानं मयत, तेही टाक एका वाक्यात," माधवराव म्हणाले.

तिनं लिहिलं, 'लातूर रस्त्यावरील मोटारसायकल अपघातात.' खाली नेहमीची ओळ होती: वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे. तिनं सही केली.

मजकूर खरा होता, पुरा नव्हता. गेल्या वर्षी परीक्षा सकाळची होती. सत्यशीला कंधारहून येणार, चाकूरला अंबिकासाठी जागा धरून ठेवणार, असं ठरलं होतं. अहमदपूरजवळ गाडी पंक्चर झाली आणि अर्धा तास गेला. चाकूरला आल्यावर कंडक्टरनं आपणहून विचारलं, "ताई, तुमचं माणूस यायचं व्हतं न्हवं? थांबू का दोन मिनिटं?" सत्यशीलानं खिडकीतून बघितलं. पेट्रोल पंपाच्या बाजूनं अंबिका पळत येत होती. एका हातात पिशवी, दुसरा हात वर, आणि तोंडानं हाक: "सत्ये! ए सत्ये!" आणि सत्यशीला कंडक्टरला म्हणाली, "न्हाई येत ती. जाऊ द्या गाडी."

उशीर होईल म्हणून, असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. पण ते खोटं होतं. तिच्या मनात आलं होतं, की ही बसली तर मार्कांत माझ्या वर जाणार. एवढंच. असले विचार माणसाच्या मनात येतात आणि जातात. पण हिनं तो आला तसा तोंडातून बाहेर काढला. अंबिकानं चुलतभावाची मोटारसायकल काढायला लावली आणि गाडीचा पाठलाग केला. उसाच्या ट्रॉलीवर आदळले. भावाचं पायावर निभावलं, अंबिका जागीच गेली.

दहाव्याला गेली तेव्हा अंबिकाची आई मंजुळाबाई हिच्याच डोक्यावरून हात फिरवत म्हणाली होती, "गाडी निघून गेली व्हती. तुझा काय दोष, बाई?" वर्षभर सत्यशीला हाच हात डोक्यावर घेऊन फिरत होती. पुन्हा चाकूरला उतरायची हिंमत तिला झाली नाही.

लातूरच्या केंद्रावर दारात वॉचमननं हॉलतिकीट घेतलं. फोटो बघितला. तिच्याकडं बघितलं. सत्यशीलानं प्रतिज्ञापत्र पुढं केलं, तर तो म्हणाला, "ते काय करायचं? जा आत." आतल्या मॅडमनी आधार कार्ड लावून बघितलं. आधारवरचा फोटो कोणाचाही वाटावा इतका काळपट. "सेम आहे," म्हणाल्या आणि टिक केली. तपासणारे दोघंही तिच्या चेहऱ्यात अंबिकाला बघून निवांत होते. कोणीतरी अडवावं, हे तुम्ही नव्हे असं ओरडावं, म्हणून ती क्षणभर तिथंच उभी राहिली. "चला पुढं," मॅडम म्हणाल्या.

तिनं लॉग इन केलं. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात परीक्षार्थीचा फोटो असतो, हे ती विसरली होती. दोन तास तिथं अंबिका होती. प्रश्न बदलत होते, फोटो जागचा हलत नव्हता. राज्यघटनेच्या प्रश्नावर ती अडली, वर बघितलं, आणि खोलीवरचं ते पाठांतर जसंच्या तसं कानात आलं. अंबिका मोठ्यानं वाचायची, ही नुसती ऐकायची. तिनं उत्तर टिपलं. पुढचं टिपलं. एकदा तर ओठ हलल्यासारखे वाटले, तेव्हा तिनं कोपऱ्यावर तळहात ठेवला. सुपरवायझर येऊन म्हणाला, "स्क्रीनला हात लावायचा नाही."

शंभर प्रश्न झाले. पेपर चांगला गेला, आणि तेच तिला सोसवेना.

परतीच्या गाडीत तिनं कंधारचं तिकीट काढलं आणि चाकूरला उतरली.

उन्हं कलली होती. मंजुळाबाई ओट्यावर सुपात हरभरा निवडत बसली होती. तिनं पाणी दिलं, चहा टाकू का म्हणाली. सत्यशीलानं हॉलतिकीट तिच्या हातात दिलं. म्हातारीनं फोटो पदरानं पुसला, उगाचच.

"यंदाचं हाय?"

"हाव. चुकून लागला."

"म्हंजी बसली म्हनायची माझी अंबी परीक्षेला." तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं.

सत्यशीलाला ते बघवलं नाही. "मावशी, गाडी निघून गेली नव्हती. कंडक्टर थांबायला तयार होता. मीच त्याला जाऊ द्या म्हणलं."

सुपातला हात थांबला. मंजुळाबाईनं विचारलं, "तुला ती दिसली व्हती?"

साक्षीदाराला 'नीट आठवत नाही' म्हणायला कसं शिकवतात, हे सत्यशीलाला चांगलं ठाऊक होतं. "दिसली होती."

"पळत व्हती?"

"हाव."

"हाक मारली तिनं?"

"हाव. माझं नाव घेऊन."

मंजुळाबाई रडली नाही, शिवीही दिली नाही. हॉलतिकिटाची घडी घालून तिनं ते कंबरेच्या पिशवीत ठेवलं आणि सूप पुन्हा पुढं ओढलं. खडे वेचता वेचता, वर न बघता म्हणाली, "कंदारची गाडी यायचा टाइम झाला. तुझी नगं चुकायला. जा."

स्टँडवर गाडी उभीच होती. सत्यशीला चढली, खिडकीशी बसली, पिशवी शेजारी ठेवली. कंडक्टर दोरीला हात घालून म्हणाला, "ताई, कुणी यायचं ऱ्हायलंय का?"

"थांबा दोन मिनिटं," ती म्हणाली.

भला माणूस, थांबला. पेट्रोल पंपाच्या रस्त्याकडं सत्यशीला बघत राहिली. दोन मिनिटं पुरी झाली, कोणी पळत आलं नाही, आणि कंडक्टरनं दोरी ओढली.