घोडा जड जातो

पोलिसांच्या शस्त्रागारात उभी हयात काढून धर्मा मुरबाडकडच्या आपल्या गावी परतला, पण बंदुका काही त्याला सोडेनात. शहापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांचं चांदमारीचं, म्हणजे नेमबाजीच्या सरावाचं मैदान होतं. तिथला हवालदार भगीरथ त्याच्याच हाताखाली तयार झालेला. एखादं पिस्तूल रुसलं की भगीरथ साहेबांची परवानगी काढून निरोप धाडायचा, आणि धर्मा भरल्या ताटावरून उठून निघायचा. माणूस लाख मोलाचा, पण शब्दांच्या बाबतीत एक नंबरचा खडूस. बोटानं ओढतात तो चाप आणि मागून काडतुसावर आपटतो तो घोडा. कुणी चापाला घोडा म्हटलं की याचं डोकं फिरलंच. "नाकाला कान म्हणतोस काय रे?" असं म्हणत भरल्या मैदानात झापायचा. भगीरथनंही ती बोलणी पोटभर खाल्ली होती.

आता गंमत बघा, याच माणसाच्या घरात सून आली ती पोलीस शिपाई! दिपिका तिचं नाव, माहेर उंबरमाळीकडचं. नवरा हर्षित भातसानगरला धरणावर कामाला. नेमबाजी तिला अशी साधली होती की जिल्ह्याच्या संघात तिचं नाव लागलं. मैदानावर साहेबांना ठणकावून उत्तर देणारी ही पोरगी घरात सासऱ्यापुढे मात्र मुकी. त्यांच्याकडची रीतच तशी होती, सासऱ्याशी थेट बोलायचं नाय, काय असेल ते सासूच्या तोंडून. धर्माही तसाच. "तिला म्हणावं, डबा विसरू नको," असं तो बायकोला, ताराबाईला सांगायचा, आणि सून तिथंच चुलीपाशी उभी! पोरीनं एकदा तरी आपल्याला 'बाबा' म्हणावं असं त्याला फार वाटायचं. पण हे ताराबाईच्या तोंडून कसं सांगणार?

दोन हजार चारच्या थंडीत राज्याच्या संघाची निवड लागली. दिपिका त्यासाठी जिवाचं रान करत होती, पण सरावाहून यायची ती तोंड उतरवूनच. एका संध्याकाळी ताराबाई ओटीवर आली.

"अवो, ऐकलं का? सून म्हणते, घोडा जड जातो."

झालं! पोरीनं काहीतरी मागितलं, तेही आपल्या कामातलं. धर्माला रात्री धड झोप लागली नाही. सकाळीच तो मैदानावर हजर. दिपिकाचं ते लहान काडतुसाचं पिस्तूल त्यानं खोललं, घोड्याच्या मागची कडक स्प्रिंग काढली आणि नरम बसवली. आता घोडा कसा लोण्यासारखा मागे जात होता. स्वारी खूश होऊन पत्र्याच्या शेडमध्ये सराव बघत बसली.

दिपिकानं नेम धरला. टक्! गोळी सुटलीच नाही. काडतूस बदललं, एक गोळी गेली आणि पुढची पुन्हा टक्. भगीरथ वैतागला.

"दिपिका, असंच चाललं तर शनिवारी निवडीला तुला उभी करता येणार नाय. तुझ्या जागी दुसरीला घ्यावं लागेल."

"पिस्तुलाची चूक नाय, सर," ती म्हणाली. "माझाच हात कच्चा पडतोय."

पिस्तूल सकाळी कुणी खोललं होतं ते तिला ठाऊक होतं. तरी तिनं सगळं स्वतःवर घेतलं. धर्माला ते ऐकू गेलं. त्यानं न उडालेलं काडतूस हातात घेऊन बघितलं. काठावर घोड्याचा घाव उमटला होता, पण अगदी पुसट. नरम स्प्रिंगनं घोड्याचा जोरच गेला होता. अरे धर्मा, तो मनात म्हणाला, पोरीचं वाटोळं केलंस की!

तो तडक टेबलापाशी गेला. पिस्तूल रिकामं करून ठेवलेलं. मध्ये बोलायला ताराबाई नाही, ती तिकडे घरी.

"पोरी," शेवटी धर्माच म्हणाला, "तुला जड काय जातं? हात लावून दाखव."

तिनं चापाला बोट लावलं. "हा... घोडा."

दुसरं कुणी असतं तर धर्मानं तिथंच सोलून काढलं असतं. पण या पोरीला कसं झापणार?

"आमच्या गावाला यालाच घोडा म्हणतात," ती खाली मान घालून म्हणाली. मग हळूच तिनं तेच बोट त्याच्यापुढे धरलं. वरचं पेर वाकतच नव्हतं. "लहानपणी भात कापताना विळा लागला. थंडीत जास्तच आखडतं. तुमी मला बघायला आलात ना, तेव्हा आई म्हणाली होती, बोट पदराखाली ठेव. म्हणून घरी बोट नाय म्हटलं, घोडा म्हटलं. मी फसवलं तुमाला."

तिचे डोळे भरले होते, आणि खरं सांगायचं तर धर्माचेही.

"फसवलं कसलं गो, वेडी का काय!" तो म्हणाला. "बस इथं. स्प्रिंग कुठली बदलायची ते आता कळलं."

घोड्याची कडक स्प्रिंग त्यानं परत जागच्या जागी बसवली. मग चापाची बदलली, आत जिथं लोखंड लोखंडाला घासत होतं तिथं हात फिरवून फिरवून गुळगुळीत केलं. दिपिका शेजारी बसून तेलाची चिंधी पुढे करत होती, आणि विचारलं की बोलत होती.

घरी गेल्यावर धर्माच्या पोटात राहीना. त्यानं ताराबाईला बोटाचं सांगितलं.

"ते होय? मला तेव्हाच दिसलं होतं, पोह्यांची ताटली देताना," ती भाकरी थापत म्हणाली. "आपण पोरगी बघायला गेलो होतो का बोट?"

शनिवारी निवडीआधी पिस्तुलांची तपासणी झाली. नियम असा की पिस्तूल उभं धरून चापाला वजन अडकवायचं. वजन नुसतं उचललं गेलं पाहिजे, चाप सुटला तर नेमबाज बाद. आपण पोरीच्या मायेनं चाप जरा जास्तच हलका तर केला नाही ना, या धास्तीनं धर्मा शेडच्या खांबाला धरून उभा राहिला. पंचानं पिस्तूल वर उचललं. वजन लोंबकळलं, हललं, आणि चाप जागचा हलला नाही.

मग दिपिका उभी राहिली. गोळ्या सुटत गेल्या, एकही टक् नाही. फळ्यावर नावं लागली तेव्हा तिचं नाव त्यात होतं. ती सगळ्या साहेबांना ओलांडून शेडकडे धावत आली.

"बाबा!" ती भरल्या मैदानात ओरडली. "बाबा, घोडा काय हलका झालाय!"

भगीरथ मागून हसायला लागला. "अगं, चाप म्हण, चाप! नायतर आता झापतील बघ."

"तू गप रे," धर्मा डोळे पुसत म्हणाला. "आमच्या घरात त्याला घोडाच म्हणतात."