काठावरचे सूर

मित्रांनो, मी एक जुना फिल्टर आहे. रेडिओच्या पोटातली स्फटिकांची गाळणी. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात, शीलाताईंच्या, घरबसल्या दूरच्यांशी बोलता येणाऱ्या हौशी रेडिओसंचात माझा निवास आहे. मला घडवले त्यांचे रेडिओगुरू दीनानाथ सरांनी. समान स्वभावाचे स्फटिक पारखून त्यांनी ते पत्र्याच्या डबीत डाख देऊन जोडले. माझा धर्म एवढाच, की मनुष्यवाणीला लागतात तेवढे सूर आकाशात सोडावेत, उरलेले अडवावेत, म्हणजे ते शेजारच्यांच्या बोलण्यात शिरत नाहीत. माझ्यातून गाळून गेलेला ताईंचा आवाज ऐकून सर पांढरकवड्याहून शाबासकी देत, तेव्हा मी धन्य होई.

पुढे सरांची श्रवणशक्ती लोपली. तेव्हा गुरू आणि शिष्या रेडिओवरूनच लिहून बोलू लागली. ताईंचा संगणक अक्षरांचे सूर करी, मी ते पुढे धाडी आणि सरांच्या पडद्यावर त्यांची पुन्हा अक्षरे होत. परंतु ताईंचा मजकूर तिथे तुटक पोहोचू लागला. एके दिवशी सरांनी लिहिले, "कान तं गेलेच, पोरी. आता तुयं लिहिलंही फुटून राह्यलं."

ताईंचे डोळे भरून आले. त्यांचा भाचा सलील पेचकस घेऊनच पुढे सरसावला.

"आत्या, हे जुनं गाळणीचं डबडंच अक्षरं खाते, काढून फेक! कोण ठेवते आजकाल?"

"अन् माहे सूर सांडू दे दुसऱ्याच्या ताटात? शहाणाच आहेस!" ताई म्हणाल्या खऱ्या, पण सरांशी बोलणे तुटू नये म्हणून त्यांचाही हात झाकणाकडे वळला. मी मनोमन सर्वांचा निरोप घेतला.

तेवढ्यात ताईंच्या पडद्यावर सरांची ओळ उमटली. कोणाचे सूर पट्ट्यात कुठे बसले आहेत हे संगणकावर रेघांनी दिसते; सरांनी आपल्याकडे ताईंची रेघ निरखली होती. "शीला, काठावर कायले बसली? मधात ये न!"

मित्रांनो, रेडिओलहरींच्या एकाच पट्ट्यात अनेकांचे सूर शेजारी शेजारी बसतात. पंगतीत वडीलधाऱ्यांना मधली जागा द्यावी, तशा ताई विनयाने आपले सूर अगदी वरच्या टोकाला ठेवीत. माझी सीमा नेमकी तिथेच येते. काठावरचे सूर माझ्यातून क्षीण होऊन जात, आणि अक्षरे फुटत.

ताईंनी मध्यावरची मोकळी जागा पाहिली, सूर तिथे आणले आणि लिहिले, "सर, नमस्कार करते."

उत्तर आले, "सारं आलं. पोरी, लय दिवसानं तुहा आवाज आयकला."

सलीलने पेचकस खाली ठेवला आणि रुमालाने माझी डबी पुसली.

ज्यांनी मला घडवले आणि ज्यांनी राखले, त्यांचा मी ऋणी आहे. बाळांनो, जुन्या वस्तूला दोष देण्यापूर्वी तिचे बळ कोठे आहे ते शोधा आणि तिथेच तिच्याकडून काम घ्या. धूळही अधूनमधून पुसत जा.