आखाजीचा मांडा

डिंडोलीच्या त्या गल्लीत आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, मांडे करावेत ते प्रमिलाबाईनेच. पुरण भरलेला गोळा हातांवर घेतला की कोपरापर्यंत झुलवत असा पातळ करायची, की पलीकडची चूल दिसावी. नव्या सुना डोळे फाडून बघत.

पण दिवाळीपासून तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, तिने मात्र गल्लीत कळू दिलं नाही. दम लागला की म्हणायची, "गॅस झालाय." शेजारच्या सरस्वतीला हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा हीच म्हणाली होती, "कामं टाळायला बरं सापडलं बाईला!" आता त्याच तोंडाने काय सांगणार?

आखाजीच्या सकाळी सून धनश्रीने गोळी पुढे केली. हृदयावरचा भार कमी करायला अंगातलं पाणी काढणारी. ती घेतली की घडीघडी मोरीकडे पळावं लागे.

"संध्याकाळी घेईन."

"आत्या, कालही नाही घेतली तुम्ही."

"मग काय खापरावरून उठून सारखी मोरीत जाऊ? बायका हसतील!"

अंगणात चुलीवर मांडे भाजायचं उलटं खापर तापलं. गल्लीतल्या बायका भोवती बसल्या. पहिला मांडा झक्क उतरला. दुसऱ्याला छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं. तिसरा हातावर असतानाच श्वास पुरेना. मांडा मधोमध फाटला, ती मागे कलली तसं लुगडं वर सरकलं आणि पुरण पायांवर सांडलं. सुजलेले पाय, इतके दिवस लुगड्यात दडवलेले, सगळ्यांसमोर उघडे पडले.

"काय व्हयनं वं माय?" सरस्वतीच धावली.

"गॅ..." शब्द पुरा होईना.

सरस्वतीने पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो तसाच राहिला. "माझेही असेच सुजायचे," एवढंच म्हणाली. टोमणा आला असता तर प्रमिलाबाईने दुप्पट परतवला असता. तो आलाच नाही. तिला मान वर करवेना.

"धनश्री," ती कशीबशी म्हणाली, "गोळी आण. हृदयाची."

धनश्री गोळी घेऊन आली, पाठोपाठ रिक्षाही. दवाखान्यात न्यायला प्रमिलाबाईला आत बसवलं, तशी सरस्वती शेजारी चढून बसली.

"गॅस नव्हता गं."

"ठाऊक आहे. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तुझ्या जिभेला भिऊन कोणी विचारलं नाही."

प्रमिलाबाईने लुगडं पायांवर ओढायला हात नेला. पण सरस्वती खाली वाकून आपल्या पदराने त्या पायांवरचं पुरण पुसत होती. हात तिथेच राहिला.