किमयाच्या झोपेचा टायर

टायरला टक्कल पडलंय हे मला दिसत नव्हतं असं नाही. मागच्या चाकाची नक्षी कधीच झिजून गेली होती, आता आतले धागे डोकावत होते. पण आमची वर्षभराची किमया त्याच चाकावर झोपायची, त्याला मी काय करणार?

ही मुलगी पाळण्यात झोपत नाही, मांडीवर झोपत नाही, खांद्यावर घेतलं तर केस ओढते. संध्याकाळी हे शिफ्ट संपवून आले की आम्ही तिघं मोटरसायकलवर अष्टमीहून निघायचो, पूल ओलांडून रोह्याच्या बाजारातून एक वळसा घ्यायचो आणि परत यायचो. किमया आम्हा दोघांच्या मध्ये, गाल यांच्या पाठीला टेकलेला, वरून माझ्या पदराचा वेढा. घर येईपर्यंत गाढ. मग तासभर मी माझी. केस विंचरायचे, भाकरी गरम आहे तोवर खायची, वाचनालयातलं पुस्तक दोन पानं तरी पुढं न्यायचं. घरात तान्हं पोर असलेल्या बाईला त्या तासाची किंमत सांगायला नको.

शेजारच्या धोंडुबाईंनी निदान करून टाकलं होतं. "चाकाच्या आवाजाची सवय लागलीय गो तिला. आमच्या नातवाला पिठाच्या गिरणीची होती. गिरणी थांबली की पोर जागा!"

मला ते पटलं. झिजलेलं चाक डांबरावर घूंऽऽ करायचंच. त्यामुळं यांनी टायर बदलायचं नाव काढलं की मी भाजीचं काहीतरी विचारायची.

दिवाळीनंतर मात्र सासूबाईंना भेटून परत येताना गडब गावाजवळ रस्त्यावर सांडलेल्या ओल्या पेंढ्यावरून मागचं चाक सरकलं. पडलो नाही. यांनी दोन्ही पाय टेकून गाडी सावरली आणि मागं वळून माझ्याकडं नुसतं बघितलं. पुढच्या सुट्टीला आम्ही पेणला हैबतरावांच्या टायरच्या दुकानात उभे होतो. रोह्यात दुकानं नव्हती असं नाही, पण यांना हैबतराव लहानपणापासून ओळखत.

"बोल हिरामण. मागचाच, का दोन्ही?"

"दोन्ही. पण हिला जरा... आवाज ऐकायचाय."

"कसला?"

"टायरचा," मी म्हणाले. "धावताना कसा वाजतो ते."

हैबतरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वहिनी, टायर न्यायला आलात का तंबोरा?"

दुकानातले सगळे हसले. मी सगळी हकिगत सांगितली. किमयाचं, तासाचं, धोंडुबाईंच्या गिरणीचं. हैबतराव किमयाकडं बघत राहिले. तिनं त्यांना जीभ दाखवली. ते बाहेर चहा पीत बसलेल्या दूधवाल्याला म्हणाले, "ए विठू, किल्ली दे. पोरीला निजवायचीय."

"माझ्या गाडीवर?"

"तुझ्या टायरवर. गोट्यांच्या नक्षीचा हाय ना मागं? मग दे."

निघताना मी यांना बजावलं, "एक अक्षर बोलायचं नाही. मला नीट ऐकू द्या." हे मान डोलावून गप्प झाले. पण ऐकू काय येणार? विठूच्या दुधाच्या रिकाम्या किटल्या दोन्ही बाजूंना खडाखडा वाजत होत्या. लोक वळून बघायला लागले. आम्ही अर्ध्यातून परतलो.

"किटल्या काढा की आधी!" हैबतराव ओरडले.

किटल्या काढून पुन्हा फेरी झाली. किमया टक्क जागी. मग दुकानात आलेल्या एका मास्तरांची गाडी मागून घेतली, तिला रेघांचे टायर होते. रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आलो. फाटकात किमयानं मालगाडीला टाळ्या वाजवल्या.

"झोपली का?" विठूनं विचारलं.

"नाय," हे म्हणाले.

"हवा थोडी कमी करून बघा," मास्तर म्हणाले.

"त्यापेक्षा टायर जुनेच ठेवा आणि पोरगी बदला," विठू म्हणाला.

हैबतरावांनी त्याला हातानंच गप्प केलं. "वहिनी, ऐका माझं. मागं गोट्यांचा घ्या, पुढं रेघांचा. पोरगी झोपंल नाय झोपंल, ते तिच्या मनावर. पण गाडी रस्ता सोडनार नाय."

मला गडबचा पेंढा आठवला. मी किमयाच्या डोक्याचा वास घेतला आणि म्हणाले, "बसवा." माझा तास गेला, हे मनात म्हटलं.

हैबतरावांनी स्वतः टायर चढवले, हवा भरली, चाक फिरवून बघितलं. "दोन दिवस दमानं चालव रे. नवा रबर पहिल्यांदा घसरतो."

परतीच्या वाटेवर तरीही मी कान देऊन बसले होते. नव्या टायरचा आवाज अगदी बारीक, पीठ चाळल्यासारखा. यांना दिलेली ताकीद अजून चालूच होती, हेही बिचारे टायरच ऐकत होते. गडब गेलं. किमया यांच्या शर्टाची कॉलर ओढत होती. नागोठण्याला हायवे सोडला तरी तिचे डोळे टक्क उघडे. शेवटी मी हात टेकले.

"राहू दे. नाही झोपत ती. बोला आता, गप्प राहून तोंड दुखलं असेल."

 थोड्या वेळानं किमयाची कॉलरवरची मूठ सुटली. मान कलली, गाल यांच्या पाठीला टेकला आणि ओठ उघडे पडले. झोपली! मला वाटलं, टायर आता तापला असेल, म्हणून सूर लागला. तिला नीट धरायला मी पुढं वाकले, तेव्हा माझाही कान यांच्या पाठीला लागला.

आत काहीतरी घुमत होतं.

"अहो, काय गुणगुणताय?"

"कुठं काय?" घुमणं एकदम थांबलं. किमयाचा एक डोळा उघडला.

"थांबू नका! म्हणा, म्हणा आधी!"

पुन्हा सुरू झालं. डोळा मिटला. मी हळूच विचारलं, "रोज म्हणता हे?"

"रोजच," हे मधेच श्वास घेऊन म्हणाले. "बाबा मिठागरात मीठ ओढताना म्हनायचे. शब्द नाय त्याला, नुसतं ऊंऽऽ ऊंऽऽ."

"मग दुकानात का नाही सांगितलंत? दोन माणसांच्या गाड्या मागितल्या आपण!"

"मला काय ठाव, ती त्यानं झोपते? मी पन समजलो, टायरनंच. आनि तूच म्हनलीस ना, एक अक्षर बोलायचं नाय."

मी हसले तशी गाडीसुद्धा हलली. समोरून एसटी आली. लाजून यांचा सूर जरा बसला, एसटी गेल्यावर परत वर आला. दोन्ही बाजूंच्या कापलेल्या शेतांतून वाल उगवून वर आले होते, ऊन उतरत होतं, खाली टायर मुकाट्यानं रस्ता धरून चालला होता. एवढे दिवस मी या पाठीमागं बसत होते आणि कान भलतीकडंच लावत होते. मी किमयाशेजारी गाल टेकला. ते घुमणं हाडातून येत होतं, उबदार, एका लयीत. माझेही डोळे जड व्हायला लागले.

"ए," घुमणं न थांबवता हे कसेबसे म्हणाले, "तू नको झोपू गो. पोरीला धर."