चाबी काढल्यावरही

सेनगावच्या अड्ड्यावर अय्याज मिस्त्रीचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. तो इंजिन चालू न करता बिघाड सांगायचा. लोक म्हणत, काय हात आहे! हाताचीच तर सगळी गोम होती. चार वर्षांपूर्वी इंजिनाच्या चालत्या पंख्यानं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून नेली होती. तेव्हापासून चालू इंजिनावर वाकायचं म्हटलं की तो काहीतरी निमित्त काढून मागं सरायचा. हे फक्त त्याच्या बायकोला, आयेशाला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला सांगायची सोय नव्हती. भित्र्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार?

त्या सकाळी साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा नेमसिंग आपली टर्बोची जीप घेऊन आला. बायको जिवनबाई आणि लहानगी पोरगी पुजा मागं बसल्या होत्या. माहेरी निघाल्या होत्या दोघी.

"अय्याजभाई, चढावर गाडी खेचूनच न्हाई राहिली. काहून?"

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. ती हवा कमी पडली की चढावर गाडीचा जीव जातो. अय्याजनं बंद इंजिनावर हात फिरवला. पाइप शाबूत, पाइपांवरच्या पट्ट्या घट्ट, फिल्टर साफ. मग त्यानं हवेचा पाइप उपसून आत बोट घातलं, तर ते ऑइलनं माखून निघालं.

आता इंजिनाला रेस देऊन, वाकून बघायला हवं होतं, की टर्बोच ऑइल ओकतोय का. नेमसिंगला गाडी थांबली रे थांबली की चाबी फिरवून इंजिन बंद करायची खोड. तेवढंच डिझेल वाचतं म्हणे! तापलेल्या टर्बोचं त्यानं वाटोळं होतं, हे अय्याजनं त्याला कितीदा तरी सांगितलेलं. म्हणजे शंका यायला जागा भरपूर होती. पण वाकायचं कुणी? थोडंफार ऑइल चांगल्या गाडीतही असतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली, बोट फडक्याला पुसलं आणि पाइप बसवून टाकला.

"पट्टी ढिली होती. आवळली."

"मग चला की संगं. चढावर बघूनच घेऊ."

नाही कसं म्हणणार? अय्याज पुढं बसला.

पुसेगावच्या रस्त्याला चढ लागला. नेमसिंगनं पाय दाबला. गाडी आधी कुथली आणि मग एकाएकी इंजिन किंचाळायला लागलं. नेमसिंगनं पाय उचलला, तरी आवाज चढतच गेला. क्लच आणि ब्रेक दाबून त्यानं पुलाच्या कठड्यापाशी कशीबशी गाडी थांबवली, गिअर काढून हँडब्रेक ओढला आणि चाबी काढून घेतली. चाबी त्याच्या हातात आणि इंजिन चालूच! नेमसिंगच्या तोंडचं पाणी पळालं.

"भूत शिरलं का काय ह्याच्यात?"

अय्याजला मात्र सगळं कळलं होतं. इंजिनाला आता डिझेलची गरजच नव्हती. टर्बोनं ओकलेलं ऑइल पिऊन ते पळत होतं. फुटेपर्यंत पळणार, नाहीतर हवा तोडावी लागणार. गिअरात घालून इंजिन बंद पाडावं, तर गाडी कठडा तोडून नाल्यात जायची.

"पोरीला काढा आधी!" तो ओरडला.

नेमसिंग मागं धावला. मागचं दार तारेनं बांधलेलं, आणि तार सुटेना. धूर आत भरला होता. काचेआड पुजाचं उघडं तोंड दिसत होतं, पण किंकाळी ऐकू येत नव्हती.

अय्याजला पळून जावंसं वाटलं. खरंच वाटलं, एक पाऊल त्यानं मागं टाकलंही. मग बॉनेट उघडलं. पंखा दिसत नव्हता, नुसता त्याचा वारा अंगावर येत होता. त्यानं हवेचा पाइप हिसकून काढला, पायातली जाड रबरी चप्पल घेतली आणि टर्बोच्या उघड्या तोंडावर दाबून धरली. डोळे त्यानं गच्च मिटले होते.

चप्पल आत ओढली गेली, तोंडावर घट्ट चिकटली. इंजिन दोनदा आचकलं आणि गप्प झालं.

अय्याजनं डोळे उघडून आधी हात पाहिला. उरलेली बोटं जागेवर होती. मग तो रस्त्यातच बसला.

शेवटी तार तोडून नेमसिंग पुजाला कडेवर घेऊन आला, मागोमाग जिवनबाई. "अय्याजभाई, तुमी होते म्हणून वाचलो. तुमच्यासारखा धीराचा माणूस न्हाई पाहिला." मग इंजिनाकडे बघत म्हणाला, "चालू करून बघू का आता?"

अय्याजनं झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"न्हाई! भ्या वाटतं मला. चालू इंजिनाचंच भ्या वाटतं, बोटं गेली तवापासून. पट्टी ढिली नव्हतीच. पाइपात ऑइल दिसलं होतं मला सकाळी. रेस देऊन बघायचं होतं, पण वाकवलंच न्हाई."

नेमसिंगनं हळूच आपलं मनगट सोडवून घेतलं.

जिवनबाई पदरानं पुजाचं काळवंडलेलं तोंड पुसत होती. ती अय्याजवर ओरडली नाही. पुसता पुसताच म्हणाली,

"सकाळीच सांगितलं असतं भाऊ, तर आमी एसटीनं गेलो असतो."