तीन खाटांची खोली

सावीनो काचेचं दार ढकलून बाहेर आला आणि रस्ता ओलांडण्याआधीच त्याने दुरून मान हलवली. बाकावरून उठू पाहणाऱ्या मिरियानाच्या गुडघ्यावर मेनाने हात ठेवला.

"भरलंय," जवळ येऊन तो म्हणाला. "इथंही प्रदर्शनवालेच. टाइल्सवाले, नळवाले, सगळी दुनिया बोलोन्यात उतरलीय. शुक्रवारपर्यंत टेकायला खुर्चीसुद्धा नाही म्हणे."

"कितवं हे?"

"पाचवं."

"सहावं, पप्पा," मिरियाना म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. खिशातला कागद काढला, एका नावावर रेघ मारली आणि कागद पुन्हा चार घड्या करून ठेवून दिला.

कमानींखालच्या वाटेवरून माणसांची रीघ चालली होती. गळ्यात ओळखपत्रं, हातात प्रदर्शनाच्या कागदी पिशव्या. त्या गर्दीत आपल्या दोन बॅगा आणि पाच लिटरचा तेलाचा डबा मेनाला फार उघडे वाटत होते. तिने डबा पायाने बाकाखाली सरकवला. तेल घरच्या झाडांचं होतं, डॉक्टरांसाठी आणलेलं. सकाळी हॉस्पिटलमध्ये ते द्यायचं धाडस झालं नव्हतं.

काल दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा ती वांगी तळत होती. ज्या मुलाच्या ऑपरेशनची पाळी होती त्याला ताप आलाय, पलीकडची बाई म्हणाली, गुरुवारची सकाळ मोकळी झालीय, येताय का? मेना आधी 'हो' म्हणाली आणि मग तिने गॅस बंद केला. सावीनो कुणाच्या तरी दुकानाचं शटर दुरुस्त करायला शिडीवर चढला होता. त्याला तिने फोनवरच सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. शिडीवरून उतरत असेल, असं तिला वाटलं होतं.

मिरियानाच्या हृदयातल्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. आता ती अकरा वर्षांची होती आणि दोन मजले चढताना मध्येच थांबून 'मी फक्त खाली बघतेय' असं सांगायची. हिवाळ्याच्या आत करा, डॉक्टरांनी बजावलं होतं. लहान मुलांच्या हृदयाचं असं काम दक्षिणेत, त्यांच्या कानोसा गावाजवळ कुठे होत नव्हतं. म्हणून रात्रभर बसने प्रवास करून ते इथे आले होते. आजचा दिवस रक्त, तपासण्या आणि सह्या यांत गेला. उद्या सकाळी सात वाजता, उपाशीपोटी यायचं.

"सात म्हणजे सात," तिथली परिचारिका म्हणाली होती. "सव्वासातला आलात तर खाट दुसऱ्या मुलाला गेलेली असेल. माझ्यावर रागावू नका मग."

बाहेरगावच्या पालकांसाठी हॉस्पिटलने ठेवलेल्या खोल्या कधीच भरल्या होत्या. त्या परिचारिकेनेच मग जवळपासच्या स्वस्त, कुटुंबांना परवडणाऱ्या हॉटेलांची नावं कागदावर लिहून दिली होती. कागद सावीनोने घेतला. "तू पोरीजवळ बस," तो म्हणाला, "मी बघतो."

पाच वाजून गेले होते. मेनाने मुलीच्या पाठीवर हात ठेवला होता, वरवर मायेने. खरं तर ती श्वास मोजत होती. सकाळपासून मोजत होती. एखादा श्वास जरा उशिरा आला की ती पुन्हा एकपासून सुरू करायची.

"साडेसातला बस आहे," सावीनो अचानक म्हणाला.

"कुठली?"

"आपली. परतीची." तो फुटपाथच्या फरशीकडे बघत होता. "जागाच नाही म्हटल्यावर काय करायचं? पोरीला रात्रभर स्टेशनवर बसवून सकाळी कापायला द्यायचं? दुसरी तारीख मागू. ऑक्टोबर आहे, नोव्हेंबर आहे. ह्याच आठवड्यात सगळं शहर भरावं, ह्यातही काही असेल."

"काय असेल?"

"असेल काहीतरी."

सावीनो कधी असं बोलत नसे. देवाधर्माचं सगळं तिच्या सासूकडे होतं.

"अजून दोन नावं आहेत ना कागदावर?" ती म्हणाली.

तो समोरच्या गल्लीतल्या पिवळ्या इमारतीत शिरला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. चार-पाच मिनिटांनी तो बाहेर आला, पुन्हा तशीच मान हलवली आणि हातानेच खूण केली की कोपऱ्यावरून पाणी घेऊन येतो.

"मम्मा, मला जायचंय," मिरियाना म्हणाली.

"पप्पा येऊ देत."

"आत्ता जायचंय."

बॅगा खांद्याला, डबा हातात आणि मुलगी पुढे, असा सगळा बाडबिस्तरा घेऊन मेना त्याच पिवळ्या इमारतीत शिरली. जवळचं दार तेच होतं. आत इस्त्रीचा वास होता. काउंटरच्या मागे सत्तरीची एक बाई उशांचे अभ्रे इस्त्री करत होती. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"फक्त बाथरूम वापरू द्याल का? मुलीला..."

"डावीकडे. दिव्याचं बटण बाहेर आहे." बाईने इस्त्री उभी करून ठेवली आणि मेनाच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "आलात का अखेर! समोरच्या बाकावर तुम्हाला तिघांना पाहिलं तेव्हाच मला वाटलं होतं. 'बघून सांगतो' म्हणणारे नवरे बायकोला विचारायलाच जातात. डबा खाली ठेवा हो, हात तुटेल. तेल ना? तेल घेऊन येणारे तुम्ही पहिले नाहीत. डॉक्टर घेत नाहीत, आधीच सांगते. शेवटी मलाच मिळतं."

मेनाने डबा ठेवला नाही. "माझ्या नवऱ्याला तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? दुसऱ्या मजल्यावर तीन खाटांची खोली आहे. दुपारीच एका कुटुंबाने रद्द केली, नाहीतर ह्या आठवड्यात माझ्याकडे झाडूच्या कपाटातही माणूस झोपतो. लिफ्ट आहे का विचारलं त्यांनी, आहे म्हटलं. हॉस्पिटल किती लांब? चालत सात मिनिटं. भाव विचारला. हॉस्पिटलवाल्यांना मी प्रदर्शनाचा भाव लावत नाही, हेही सांगितलं. किल्ली काढली, तर म्हणाले, माझ्यासाठी नाही, ओळखीच्या एका कुटुंबासाठी विचारतोय, बघून सांगतो." बाईचा आवाज मध्येच हळू झाला. ती मेनाच्या चेहऱ्याकडे बघत होती. "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

बाथरूममध्ये पाणी सुटल्याचा आवाज आला.

"सांगितलं," मेना म्हणाली. "खोली आम्ही घेतोय."

ओळखपत्रं काढताना तिच्या हातातून पर्स निसटली. वंगणाचे डाग पडलेला हातरुमाल, ताराल्लीच्या गोल बिस्किटांची पुडी, सगळं जमिनीवर पसरलं. बाई काउंटर सोडून बाहेर आली आणि खाली वाकून गोळा करू लागली. तिचं नाव वान्दा होतं.

सावीनो पाण्याच्या बाटल्या घेऊन रिकाम्या बाकासमोर उभा होता. दोन्ही बाजूंना पाहत होता. मेना बाहेर आली तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मुलगी कुठेय, हेच पहिलं विचारलं त्याने.

"आत आहे. सरबत पितेय." मेना त्याच्यासमोर थांबली. "खोली मिळाली."

"कुठे?"

"तू विचारून आलास तिथेच."

त्याने बाटल्या बाकावर ठेवल्या. एक आडवी पडून घरंगळली, ती त्याने उचलली, पुन्हा ठेवली. मेनाला गल्लीत उभं राहून ओरडायचं होतं. पण माणसं येत-जात होती, आणि सावीनोच्या मानेवरची शीर उडताना तिला दिसत होती.

"बाकीच्यांकडेही खोल्या होत्या?" तिने विचारलं.

"दोन ठिकाणी."

"सावी, सकाळी तू सही केलीस."

"केली. तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते, पेन पुढे केलं होतं त्यांनी. नाही कसं म्हणायचं?" तो बाकावर बसला. "तू ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाला? बंद करणार म्हणाला. तीस-चाळीस मिनिटं हृदय बंद ठेवणार आणि मग चालू करणार. असं म्हणाला, जसं काही... मेना, मी पंधरा वर्षं शटरच्या मोटारी दुरुस्त करतोय. चालतेय तोवर चालते. जुनी असो, कुरकुरत असो, चालते. एकदा बंद केली की..."



"ती मोटार नाहीये."

"माहितेय मला ती मोटार नाहीये!" तो इतक्या जोरात म्हणाला की पिशव्या घेऊन चाललेली दोन माणसं वळून बघू लागली. मग तोंडावर हात दाबून तो तसाच बसून राहिला. मेना त्याच्या शेजारी बसली. तिला त्याचा हात धरायचा होता. त्याऐवजी तिने बाटली उचलली आणि उगीच झाकण फिरवत राहिली.

"चल," थोड्या वेळाने ती म्हणाली. "ती बाई पोरीला एकटीला किती वेळ सांभाळेल?"

खोली लहान होती. तीन खाटा एकमेकींना खेटून, कडेने अंग चोरूनच चालावं लागे. खिडकीतून कमानींची पाठ आणि लाल छपरं दिसत होती. मिरियानाने मधली खाट पकडली. सावीनोने बॅगा भिंतीशी लावल्या, लिफ्ट नीट चालते का ते पुन्हा एकदा बघून आला आणि मग म्हणाला, "खायला काहीतरी आणतो. पोरीला रात्रीनंतर काही द्यायचं नाहीये."

"सूप मिळालं तर बघ. आणि सावी..."

"येतो मी," तो म्हणाला. "परत येतो."

त्याची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत मेना दाराशी थांबली. मग मुलीच्या पायांतले मोजे काढू लागली.

"पप्पाला ओरडलीस?" मिरियानाने विचारलं.

"नाही."

"ओरडू नकोस. त्याला जमत नव्हतं."

मेनाचा हात मोज्यावर थांबला. "काय जमत नव्हतं?"

"नाही म्हणायला. तिसऱ्या हॉटेलात मला काचेतून दिसत होतं ना. त्या माणसाने किल्ली पुढे केली, पप्पाने हाताने मागे ढकलली. मग बाहीने कपाळ पुसलं. मग बराच वेळ तिथंच उभा राहिला, आणि मग बाहेर आला."

"आणि तू बोलली नाहीस? मला का नाही सांगितलंस?"

मिरियानाने खांदे उडवले. तिच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं.

"मला वाटलं तुला माहितेय. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय असं वाटलं. म्हणून तर तूपण उठली नाहीस."

मोजे एकात एक घालून तिने गोळा केला आणि हातातच धरून ठेवला.

पोस्टात, पंचायतीत, शाळेत, डॉक्टरकडे, कुठेही काही विचारायचं असलं की मेनाच जायची. सावीनोला अनोळखी माणसाकडे साधा पत्ता विचारणं जड जायचं. गावात सगळे त्यावरून हसत. 'तुझं तोंड बायकोच्या पदरात बांधलंय' असं भाऊच त्याला चिडवायचा. आणि आज तीन तास, सात हॉटेलं, ती बाकावर बसून राहिली होती. एकदाही उठून म्हणाली नव्हती, थांब, मी विचारते. साडेसातच्या बसचं नाव निघालं तेव्हा क्षणभर, अगदी एका श्वासापुरतं, तिच्या छातीवरचं काहीतरी हलकं झालं होतं. ते काय होतं, हे तिने तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं.

"मम्मा, तू घाबरलीयेस?"

"थोडीशी."

"मीपण. पण मला घरी जाऊन परत यायचं नाहीये. परत ती बस नको."

मेनाने तिच्या कपाळावरचे केस मागे केले. "मी खाली जाऊन येते. दोन मिनिटं. तू श्वास..." ती थांबली. "तू पडून राहा."

वान्दा आता काउंटरवर दिव्याखाली नोंदवही भरत होती. मेनाला पाहून तिने चष्मा वर केला.

"उशी हवी आणखी?"

"नको. सकाळी पाचला उठवाल आम्हाला?"

"साडेपाच पुरेल. सात मिनिटांवर तर आहे. आणि त्या खोलीत कोणी झोपत नाही हो, हॉस्पिटलवाले. मी दार वाजवते तेव्हा सगळे कपडे घालून खाटेवर बसलेले असतात."

"पाचला," मेना म्हणाली.

वान्दाने कोपऱ्यात तसं लिहिलं. मेना जायला वळली. रस्त्यावरून सावीनो येताना काचेतून दिसत होता, दोन्ही हातांनी झाकणाचा डबा धरून, सांडू नये म्हणून हळूहळू, पावलांकडे बघत. मेना परत काउंटरशी आली.

"बाई, आतून आम्ही काही म्हटलं तरी थांबू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "जागे आहोत म्हटलं, बेत बदलला म्हटलं, मी म्हटलं तरीही. दार उघडेपर्यंत वाजवत राहा."

वान्दाने तिच्याकडे पाहिलं, मग वहीत वेळेखाली एक रेघ ओढली.

बाहेर सावीनो डबा सांभाळत कोपराने दार ढकलू पाहत होता. मेनाने जाऊन ते आतून उघडलं.