कटरवाल्यांचं मशीन

माळ्याने पुन्हा दोरी ओढली. गवत कापायचं मशीन एकदा फट् करून गप्प बसलं. त्याने परत ओढली, आता तेवढंही नाही.

"किती झटके झाले?" बायकोने दारातून विचारलं.

"मोजत नाहीये."

"मी मोजतेय. एकतीस."

साडेनऊ वाजले होते. अकरा वाजता दवाखान्याच्या मागच्या आवारात, नव्या व्यवस्थापकांसमोर, त्याला हे मशीन चालवून दाखवायचं होतं. बावीस वर्षं तो ते गवत विळ्याने कापत आला, कुणाची तक्रार नव्हती. मग गेल्या आठवड्यात मोठ्या सिस्टरना वॉर्डच्या खिडकीखाली सापाची कात सापडली आणि सगळ्यांच्या डोळ्यांत एकदम त्याचा विळा खुपू लागला. व्यवस्थापक तसे सभ्य. म्हणाले, "मामा, मशीन जमत असेल तर सोमवारी दाखवा. नाहीतर मंगळवारपासून बाहेरची माणसं बोलावतो. मलाही वर उत्तर द्यावं लागतं." चौपन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण दारात उभं करणार?

मशीन वापरलेलं, पण चांगल्या घरचं, असं तो स्वतःला समजावत होता. वीस वर्षं कॉलनीतल्या बागा राखणाऱ्या कटरवाल्यांकडून त्याने ते शनिवारी आणलं. रविवारी दिवसभर पुसलं. विळा असो की कुदळ, घरात आलेलं हत्यार आधी पुसायचं, तेल लावायचं आणि मगच कामाला घ्यायचं, ही त्याची रीत. "पोरीच्या लग्नातसुद्धा एवढे राबला नव्हतात," बायको म्हणाली होती. उगाच पेट्रोल कशाला जाळा, म्हणून चालू करून मात्र पाहिलं नाही.

त्याने कटरवाल्यांना फोन लावला.

"स्विच चालूवर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"पेट्रोलचा फुगा दाबला?"

"सहा वेळा. पेट्रोल येताना दिसतंय."

"चोक?"

"लावून बघितला, काढून बघितला."

"पेट्रोलात ऑइल किती घातलंत?"

"तुम्ही सांगितलं तेवढंच. थेंब इकडचा तिकडे नाही."

"मग प्लग ओला झाला असेल. काढा, पुसा, दहा मिनिटं उन्हात ठेवा. मी दिलं तेव्हा तर एका ओढीत चालू झालं होतं."

प्लग खरोखर ओला होता. पुसून तो उन्हात ठेवला आणि माळी त्याच्याशेजारी पहाऱ्याला बसला. दहाची आठच मिनिटं धीर धरवला. प्लग बसवला, हवेच्या जाळीतला स्पंज झटकला, दोरी ओढली. काही नाही. तळहाताला फोड आला होता आणि पेट्रोलच्या वासाने डोकं जड झालं होतं.

"गळ्यात मारलं तुमच्या," बायको म्हणाली. "देताना त्यांचे हात थरथरत होते, तुम्हीच सांगितलंत ना? मनात खोट असली की थरथरतात."

माळ्याला आठवलं. शनिवारी कटरवाल्यांनी स्वतः दोरी ओढलीच नव्हती. "तुम्हीच ओढा," म्हणाले होते. नंतर त्यांच्या हातातला चहाचा कपही बशीवर खडखडत होता. मन चिंती ते वैरी न चिंती. दवाखान्याच्या फाटकातून नवी माणसं मशीन घेऊन आत शिरताना त्याला आत्ताच दिसायला लागली.

मशीन सायकलला बांधून तो निघाला. काय काय सुनवायचं ते वाटभर जुळवत गेला. कटरवाले दारातल्या पायरीवरच बसले होते.

"काका, असलं मशीन देऊन तुम्हाला मिळालं काय?" तो म्हणाला. "माझी नोकरी जातेय आज."

कटरवाल्यांनी मशीन मांडीवर घेऊन उलटं केलं. उजवा हात थाऱ्यावर राहीना, म्हणून डाव्याने मनगट धरलं, करंगळी खालच्या झाकणाआड घातली आणि चिंधीचा एक काळा बोळा बाहेर काढला.

"हं. ओढा आता."

"हे काय?"

"बोळा."

"कसला बोळा?"

कटरवाल्यांनी आधी माळ्याकडे पाहिलं, मग बोळ्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. "धूर जातो त्या नळीतला. कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. मशीन गार झालं की मी हा लावतो. शनिवारी चहा झाल्यावर लावला असणार."

"मग फोनवर का नाही सांगितलंत?"

"एवढं सगळं विचारलं, पण हे... चप्पल घालताना पाय उचला, असं कुणी सांगतं का? वीस वर्षं हात आपोआप जातो तिथं." मग खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं."

कालच माळ्याने ती जागा फडक्याने चकचकीत केली होती. काजळीने काळा झालेला बोळा त्याला मशीनचाच भाग वाटला होता. त्याने दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला मशीन धूर सोडत चालू झालं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने धुरावर ढकललं.

"दोन मिनिटं मी धरू?" कटरवाल्यांनी विचारलं.

अकराला वीस मिनिटं कमी होती. नाही म्हणायला माळ्याने तोंड उघडलं, पण मशीनचा पट्टा त्यांच्या खांद्यावर अडकवला.

भिंतीकडेचं गवत कटरवाल्यांनी एका रेषेत उतरवलं. रोपांना धक्का नाही, भिंतीला ओरखडा नाही. दोन्ही मुठी दांड्यावर घट्ट होत्या आणि सगळं मशीनच थरथरत होतं, त्यामुळे त्यांचे हात अगदी धडधाकट माणसाचे दिसत होते. टोकाला पोचल्यावर त्यांनी स्विच बंद केला. मशीन थांबलं. हात थांबले नाहीत.

"कधीपासून?" माळ्याने विचारलं.

"दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, आता नाही थांबायचे." त्यांनी बोळा त्याच्या खिशात घातला. "निघा. उशीर होतोय तुम्हाला."

"मामा, मी अकरा म्हणालो होतो," व्यवस्थापक म्हणाले. सात मिनिटं वर झाली होती. माळ्याने दोरी ओढली. मशीन पहिल्या ओढीत चालू झालं. वॉर्डच्या खिडकीपासून कुंपणापर्यंत त्याने एक पट्टा कापला, मग दुसरा. व्यवस्थापकांनी तिसरा पाहिला नाही. "दर आठवड्याला एवढं झालं पाहिजे," ओरडून सांगून ते आत गेले.

एक वाजता सगळं आवार कापून झालं. माळी मशीन बंद करून पायरीवर टेकला. त्याचे दोन्ही हात थरथरत होते. तो दचकला. हात गुडघ्यांवर ठेवून बघत बसला. आधी डावा थांबला. उजव्याला थोडा वेळ लागला, पण तोही थांबला.

मग मशीन गार होईपर्यंत तो तिथेच बसून राहिला, आणि खिशातला बोळा काढून त्याने नळीत बसवला.